शिकणाऱ्या हातांची मजुरी : अमेरिकेतील वर्क-स्टडी योजनेच्या नियमांचा अर्थ

गरीब घरातील मुलाला उच्च शिक्षण परवडावे यासाठी सरकारपुढे तीन मार्ग असतात : अनुदान देणे, कर्ज देणे, किंवा काम देऊन त्या कामाची मजुरी देणे. अनुदान घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे नसते आणि कर्ज घेणाऱ्याची पुढची कमाई आधीच बांधली जाते. मजुरी घेणारा मात्र शिकत असतानाच कामगार होतो. विद्यार्थी आणि कामगार या दोन भूमिका एकाच माणसात, एकाच आठवड्यात नांदू लागल्या की कोणती भूमिका केव्हा वरचढ ठरावी, हे कोणाला तरी लिहून ठेवावे लागते. अमेरिकेच्या संघसरकारने ‘फेडरल वर्क-स्टडी’ या योजनेसाठी ते लिहून ठेवले आहे. ही योजना १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या चौथ्या प्रकरणात येते आणि तिचे तपशीलवार नियम संघीय नियमसंहितेच्या ३४ व्या खंडातील ६७५ व्या भागात आहेत. या नियमांत विद्यार्थ्याच्या श्रमाला मोठी प्रतिष्ठा दिलेली आहे. परंतु योजनेचा पैसा ज्या सूत्राने महाविद्यालयांपर्यंत पोहोचतो त्या सूत्रात गरीब विद्यार्थ्याला दुय्यम स्थान आहे, आणि ही विसंगती हाच या लेखाचा विषय आहे.

योजनेचे मूळ १९३० च्या दशकातील महामंदीत आहे. घरची मिळकत आटल्यामुळे लाखो तरुण शाळा-महाविद्यालये सोडू लागले होते आणि बाहेर रोजगारही नव्हता. अशा वेळी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जून १९३५ मध्ये ‘नॅशनल यूथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ ही संस्था स्थापन केली. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी १५ डॉलरपर्यंत मिळवून देणारी अर्धवेळ कामे या संस्थेने उभी केली. पुढे नाटककार म्हणून कीर्ती मिळवणारे आर्थर मिलर मिशिगन विद्यापीठात याच योजनेखाली प्रयोगशाळेतील उंदरांना खाऊ घालण्याचे काम करीत, तर पुढे अध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन ड्यूक विद्यापीठात कायदा शिकत असताना ताशी ३५ सेंटवर ग्रंथालयाचे काम करीत. राजकीय मतांनी एकमेकांपासून अत्यंत दूर असलेल्या या दोन माणसांच्या शिक्षणाला एकाच सरकारी मजुरीचा आधार मिळाला होता. टेक्सास राज्यात या संस्थेचा कारभार वयाच्या २६ व्या वर्षी लिंडन जॉन्सन यांच्याकडे आला. जॉन्सन यांनी सॅन मार्कोस येथील शिक्षक महाविद्यालयात झाडलोटीसह मिळेल ते काम करून स्वतःचे शिक्षण पुरे केले होते, आणि मध्ये एक वर्ष शिक्षण थांबवून कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांना शिकवले होते. युद्धकाळात, १९४३ मध्ये, ही संस्था बंद झाली. पण १९६४ मध्ये अध्यक्ष या नात्याने जॉन्सन यांनी दारिद्र्यनिर्मूलनाच्या आर्थिक संधी कायद्यावर सही केली तेव्हा तिच्यातील विद्यार्थी-रोजगाराची कल्पना पुन्हा कायद्यात आली. पुढच्याच वर्षी उच्च शिक्षण कायद्याने ही योजना संघीय शिक्षण कार्यालयाकडे नेली आणि त्या कायद्यावर ८ नोव्हेंबर १९६५ रोजी जॉन्सन यांनी सही केली ती सॅन मार्कोसच्या त्याच महाविद्यालयात.

मूळ योजनेची दोन वैशिष्ट्ये आज नाहीशी झाली आहेत. पहिले असे की, आरंभीच्या वर्षांत मजुरीचा ९० टक्के भाग संघसरकार उचलत असे. आता सर्वसाधारण प्रमाण ७५ टक्के आहे आणि उरलेला किमान २५ टक्के भाग महाविद्यालयाने किंवा काम देणाऱ्या संस्थेने घालायचा असतो. दुसरे असे की, वर्ग चालू असलेल्या आठवड्यात विद्यार्थ्याने १५ तासांहून अधिक काम करू नये, असे १९६४ च्या कायद्यातच म्हटले होते. ही मर्यादा पुढे गेली आणि तासांचा निर्णय महाविद्यालयांवर सोपवला गेला. विद्यार्थ्याची गरज, कामाचा कालावधी, मजुरीचा दर आणि त्याला मिळणारी इतर मदत पाहून तास ठरवावेत एवढेच नियम आज सांगतात. अभ्यासाला धक्का न लावता किती श्रम झेपतील, याचे उत्तर कायद्यातून निघून महाविद्यालयाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयातील एका अधिकाऱ्याच्या टेबलावर गेले, हा बदल वाटतो तेवढा किरकोळ नाही.

योजनेसाठी पात्र कोण, हे ठरवण्याची रीत समजून घेणे आवश्यक आहे. विद्यार्थी ‘फॅफ्सा’ या नावाने ओळखला जाणारा अर्ज भरतो. त्यातील कुटुंबाच्या मिळकतीवरून एक आकडा निघतो; २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून त्याला ‘स्टुडंट एड इंडेक्स’, म्हणजे विद्यार्थी साहाय्य निर्देशांक, म्हणतात. शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके आणि प्रवास मिळून होणाऱ्या खर्चातून हा आकडा वजा केला की उरते ती विद्यार्थ्याची गरज. अनुदाने व इतर मदत धरूनही गरज शिल्लक राहिली, तर महाविद्यालय त्याच्या मदतपत्रात वर्क-स्टडीची एक रक्कम नमूद करू शकते. ही रक्कम पुष्कळदा गैरसमज निर्माण करते. पत्रावर २,००० डॉलर लिहिलेले असले तरी ते हाती येणार असे नसते; तेवढ्यापर्यंत कमावण्याची ती मुभा असते. काम विद्यार्थ्याने शोधायचे, मुलाखत द्यायची, आणि जेवढे तास भरतील तेवढेच पैसे घ्यायचे. पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या कुटुंबाला हे कोणी समजावून सांगितले नाही, तर पहिल्या सत्राच्या शुल्काचा हिशेब त्या रकमेवर बेतला जातो आणि ऑक्टोबरात घर अडचणीत येते. उलट, नियमांत एक उदार तरतूदही आहे : वर्क-स्टडीतून झालेली कमाई पुढच्या वर्षीचा निर्देशांक काढताना मिळकतीतून वगळली जाते, म्हणजे यंदा कष्ट केले म्हणून पुढल्या वर्षी मदत कमी होत नाही.

पात्रतेची आणखी एक अट महाराष्ट्रातील अनेक घरांना थेट लागू पडते. योजना अमेरिकी नागरिकांसाठी, कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांसाठी आणि आणखी काही ठरावीक वर्गांतील परदेशी नागरिकांसाठी आहे. पुणे, मुंबई, नागपूर किंवा नाशिकहून एफ-१ विद्यार्थी व्हिसावर पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत ‘ऑन-कॅम्पस’ काम करता येते, पण ती परवानगी परदेशी नागरिकांच्या प्रवेशविषयक नियमांतून येते आणि त्या कामाची सगळी मजुरी विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून देते. साहजिकच ग्रंथालयातील किंवा भोजनगृहातील जी जागा वर्क-स्टडीच्या पैशाने भरली जाते तिच्यासाठी त्यांचा अर्ज विचारात घेतला जात नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील, तेथेच जन्मलेली मुले मात्र गरजेच्या कसोटीला उतरली तर पात्र ठरतात. एकाच विद्यापीठात, एकाच भाषेत घरी बोलणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना या बाबतीत दोन वेगळे कायदे लागू होतात.

मजुरीविषयीचे नियम हा या संहितेतील सर्वांत काळजीपूर्वक विचार करून लिहिलेला भाग आहे. संघीय किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबलेले आहे. वर्क-स्टडीतील विद्यार्थ्याला याहून कमी देता येत नाही, आणि राज्याने किंवा शहराने याहून जास्त किमान वेतन ठरवले असेल तर तेच द्यावे लागते. पदवीपूर्व विद्यार्थ्याला ताशी दरानेच पैसे द्यायचे असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला पगार ठरवून देता येतो. कमिशनवर मात्र कोणालाही राबवता येत नाही. मजुरी महिन्यातून किमान एकदा मिळालीच पाहिजे, आणि ती विद्यार्थ्याच्या हाती किंवा त्याच्या बँक खात्यात गेली पाहिजे. महाविद्यालयाला ती परस्पर थकीत शुल्कात वळती करून घेता येत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याची लेखी संमती लागते, आणि ती संमती तो मागे घेऊ शकतो. जिचे देणे बाकी आहे अशी संस्थाच जेथे मालक असते, तेथे घाम गाळणाऱ्याचा पैसा आधी त्याच्या हातात पडला पाहिजे, हा आग्रह या नियमामागे आहे आणि तो पूर्णपणे योग्य आहे.

त्याहून महत्त्वाचा नियम फुकट कामाविषयी आहे. १९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्याप्रमाणे पगारी कामगाराकडून मालकाने ‘स्वेच्छेची’ सेवा घेऊ नये, आणि वर्क-स्टडीतील विद्यार्थ्यालाही हेच लागू आहे. त्याने केलेल्या प्रत्येक तासाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. समजा, त्याला मंजूर झालेली रक्कम मार्चमध्येच संपली आणि विभागाने त्याला एप्रिलभर कामावर ठेवले, तर त्या महिन्याची मजुरी बुडत नाही. फक्त ती सरकारी निधीतून न जाता महाविद्यालयाच्या पैशातून द्यावी लागते. हजेरीपत्रकावर कामाचे तास दिवसवार नोंदवलेले असावे लागतात आणि प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्याची त्यावर सही लागते. वर्गाच्या वेळेत काम करता येत नाही, आणि तास रद्द झाला म्हणून काम केले तर तशी नोंद ठेवावी लागते. विद्यार्थी असणे ही पहिली ओळख आहे, हे येथे नियमाने ठामपणे सांगितले आहे. मात्र आजारपणाची रजा, सुट्टीचा पगार यांसारख्या लाभांसाठी संघीय निधी वापरता येत नाही. काम झालेल्या तासाचीच मजुरी, हे तत्त्व इतके कडक आहे की ते शिथिल होते ते मोठ्या आपत्तीतच : मार्च २०२० च्या कोविड मदत कायद्याने, महाविद्यालये बंद पडल्यामुळे काम करू न शकलेल्या विद्यार्थ्यांनाही मजुरी चालू ठेवण्याची मुभा दिली.

कोणते काम करू द्यायचे, याविषयीच्या नियमांत अमेरिकी सार्वजनिक जीवनातील जुने वाद साठलेले आहेत. वर्क-स्टडीच्या विद्यार्थ्यामुळे कोणा कायम कामगाराची जागा जाऊ नये, संपावर गेलेल्याच्या जागी त्याला उभे करू नये, आणि बाहेरच्या कंत्राटदाराकडे असलेले काम काढून त्याला देऊ नये, असा स्पष्ट दंडक आहे. सरकारने तीन चतुर्थांश भार उचललेली मजुरी मालकाच्या दृष्टीने फार स्वस्त असते, आणि हा दंडक नसता तर सफाई कामगार व कारकून यांच्या जागी विद्यार्थी आणून बसवण्याचा मोह कोणत्याही संस्थेला झाला असता. निवडणुकीतील उमेदवाराचा किंवा पक्षाचा प्रचार या पैशातून करता येत नाही. कायदेमंडळाच्या स्थायी समितीचे पक्षनिरपेक्ष काम चालते, आमदाराच्या राजकीय बांधणीचे चालत नाही. जो भाग प्रार्थनेसाठी किंवा सांप्रदायिक शिकवणीसाठी वापरला जातो त्याच्या बांधकामाचे वा देखभालीचे काम या निधीतून होत नाही. म्हणून चर्चशी संलग्न महाविद्यालयात विद्यार्थी प्रवेश-कार्यालयात बसू शकतो, प्रार्थनागृह झाडू शकत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कंपनीत काम देता येते, परंतु ते शक्यतो अभ्यासक्रमाशी निगडित असावे लागते आणि तेथे सरकारचा वाटा ५० टक्क्यांवर येतो.

समाजाच्या सेवेसाठीही एक वाटा राखून ठेवलेला आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या वर्क-स्टडी निधीतील किमान ७ टक्के रक्कम सामुदायिक सेवेच्या कामांवर खर्च केली पाहिजे; १९९० च्या दशकात हे प्रमाण ५ टक्के होते. त्यात लहान मुलांना वाचन शिकवण्याचा किंवा कुटुंबांच्या साक्षरतेचा किमान एक प्रकल्प असावा लागतो, आणि मुलांना वाचायला शिकवणाऱ्या विद्यार्थ्याची पूर्ण मजुरी सरकार देऊ शकते. ही १०० टक्क्यांची सवलत अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या काळात, १९९७ पासून, मिळू लागली. वाचनासाठी धडपडणाऱ्या सात वर्षांच्या मुलाशेजारी एका विद्यापीठातील तरुणाने तासभर बसणे, आणि त्या तासामुळे त्या तरुणाचेही शिक्षण पुढे सरकणे, ही या योजनेच्या संपूर्ण इतिहासातील सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल. तिला ७ टक्क्यांचा कोपरा मिळाला आहे याची खंत वाटते.

‘कमवा आणि शिका’ हे शब्द मराठी वाचकाला कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण करून देतात. १९१९ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत, आणि पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात, विद्यार्थ्याचे श्रम हा शिक्षणाचाच भाग मानला गेला होता. शेतात वा बांधकामावर घाम गाळणारा मुलगा पैसे मिळवीत होता त्याचप्रमाणे जातिभेद मोडून एकत्र राहण्याचे आणि स्वावलंबनाचे संस्कारही घेत होता. अमेरिकेत या विचाराच्या जवळ जाणारी संस्था म्हणजे केंटकी राज्यातील बेरिया कॉलेज. १८५५ मध्ये दास्यमुक्तीच्या पुरस्कर्त्यांनी उभारलेल्या या महाविद्यालयात शुल्क घेतले जात नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १० तास काम करावे लागते; अशा ‘वर्क कॉलेजां’साठी ६७५ व्या भागात स्वतंत्र उपविभाग आहे. सर्वसाधारण वर्क-स्टडी मात्र या परंपरेतील नाही. तिच्या नियमांना श्रमातून होणाऱ्या संस्कारांची काळजी नाही, श्रमाचे मोल चुकते होते की नाही याची आहे. कर्मवीरांच्या कल्पनेतील ऊब तिच्यात नाही हे खरे. परंतु कनवाळू संस्थापक गेल्यानंतर आणि संस्था मोठी झाल्यानंतर विद्यार्थ्याचे शोषण होणार नाही याची हमी ऊब देऊ शकत नाही, ती लेखी नियमच देऊ शकतो. या बाबतीत अमेरिकी संहितेकडून आपल्याकडील विद्यापीठांच्या कमवा-शिका योजनांना घेण्यासारखे बरेच आहे, विशेषतः दर महिन्याला थेट विद्यार्थ्याच्या हाती मजुरी देण्याचा आणि प्रत्येक तासाच्या हिशेबाचा दंडक.

ही योजना विद्यार्थ्याचे खरोखर भले करते का, याचा अभ्यास कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील अर्थशास्त्रज्ञ ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि वेरोनिका मिनाया यांनी केला आहे. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे वर्क-स्टडीतील सुमारे निम्मे विद्यार्थी ही योजना नसती तरी कोठेतरी नोकरी करणारच होते. त्यांच्या बाबतीत बाहेरच्या हॉटेलातील वा दुकानातील नोकरीऐवजी महाविद्यालयाच्या आवारातील, वेळ सांभाळून घेणारी नोकरी मिळाल्याने पदवी पूर्ण होण्याची शक्यता वाढते. उरलेले निम्मे एरवी नोकरी न करता शिकले असते. त्यांच्या गुणांवर किंचित प्रतिकूल परिणाम दिसतो, मात्र पदवीनंतर नोकरी लागण्याची शक्यता वाढते. सर्वाधिक लाभ अल्प उत्पन्नाच्या आणि प्रवेशपरीक्षेत कमी गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यांना होतो. म्हणजे ज्याला बाहेर राबावेच लागणार आहे अशा गरीब मुलाकडे हा पैसा गेला तर तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

आणि नेमके तेथेच वाटपाचे सूत्र आड येते. योजनेत सुमारे ३,४०० शिक्षणसंस्था सहभागी आहेत आणि अलीकडच्या वर्षांत तिच्यावर वर्षाला सुमारे १२३ कोटी डॉलर खर्च होतात. संघसरकार हा पैसा विद्यार्थ्याला देत नाही; ते प्रत्येक संस्थेला ठोक रक्कम देते आणि संस्था आपल्या विद्यार्थ्यांत ती वाटते. ही ठोक रक्कम ठरवताना कायदा प्रथम पाहतो तो संस्थेला १९९९ च्या आर्थिक वर्षात किती मिळाले होते हे, आणि तेवढ्या रकमेची हमी देतो. याला ‘बेस गॅरंटी’, म्हणजे पायाभूत हमी, म्हणतात. ही हमी भागवून काही उरले तर ते विद्यार्थ्यांच्या एकूण गरजेच्या प्रमाणात वाटले जाते. १९९९ ची आकडेवारीही कोऱ्या पाटीवर लिहिलेली नव्हती; योजनेत आरंभापासून असलेल्या, मदत कार्यालये सुसज्ज असलेल्या आणि मागणी कशी नोंदवावी हे जाणणाऱ्या जुन्या संस्थांचे वजन तिच्यात आधीच मुरलेले होते. पुढच्या काळात कम्युनिटी कॉलेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, स्थानिक, अल्प शुल्काच्या, दोन वर्षांच्या महाविद्यालयांत गरीब विद्यार्थ्यांची गर्दी वाढली, दक्षिणेकडील व पश्चिमेकडील राज्यांची लोकसंख्या फुगली, पण हमीचा आकडा होता तेथेच राहिला.

सूत्राचा दुसरा भागही तटस्थ नाही. गरज म्हणजे खर्च आणि कुटुंबाची ऐपत यांतील अंतर. ज्या विद्यापीठाचे शुल्क अवाढव्य, तेथे मध्यमवर्गीय मुलाचेही हे अंतर मोठे निघते, तर कम्युनिटी कॉलेजातील अत्यंत गरीब मुलाचे अंतर त्या कॉलेजाच्या स्वस्तपणामुळे लहान दिसते. परिणामी, भरभक्कम देणगीनिधी असलेल्या ईशान्येकडील खासगी विद्यापीठातील गरजू विद्यार्थ्याला वर्क-स्टडी मिळण्याची शक्यता कम्युनिटी कॉलेजातील तितक्याच गरीब विद्यार्थ्यापेक्षा बरीच जास्त असते. मजुरीच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागणारा कायदा स्वतःच्या पैशाच्या वाटपाबाबत मात्र पाव शतकापूर्वीचा हिशेब चालवून घेतो, हे समर्थनीय नाही.

सूत्र बदलावे याबाबत पक्षभेद फारसा नाही, ही यातील सर्वांत खेदाची बाब आहे. प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन सदस्यांनी २०१७ मध्ये आणि डेमोक्रॅट सदस्यांनी २०१९ मध्ये उच्च शिक्षण कायद्याच्या फेररचनेची जी दोन विधेयके मांडली त्या दोन्हींत पायाभूत हमी टप्प्याटप्प्याने बाजूला सारून नवे सूत्र आणण्याची तरतूद होती. दोन्हींचे कायद्यात रूपांतर झाले नाही. उच्च शिक्षण कायद्याची सर्वंकष फेररचना २००८ नंतर झालेलीच नाही. त्यानंतर मे २०२५ मध्ये व्हाइट हाउसने २०२६ या आर्थिक वर्षासाठी मांडलेल्या प्रस्तावात योजनेचा निधी ९८ कोटी डॉलरने घटवण्याची सूचना आली आणि मजुरीचा भार नोकरी देणाऱ्यांनीच उचलावा असा युक्तिवाद करण्यात आला. पायाभूत हमी कायम ठेवून निधी असा कमी केला, तर कायद्याप्रमाणे प्रत्येक संस्थेची रक्कम त्याच प्रमाणात घटवली जाते. ज्या विद्यापीठाला सर्वाधिक मिळत होते ते आपल्या देणगीनिधीतून तूट भरून काढील आणि ग्रंथालयातील त्याच्या जागा भरलेल्या राहतील. ज्या कम्युनिटी कॉलेजाच्या मदत कार्यालयाला आधीच मोजक्या विद्यार्थ्यांना होकार देता येत होता, त्याला त्यांतल्याही बहुतेकांना नकार कळवावा लागेल, आणि ते विद्यार्थी रात्रपाळीच्या गोदामात काम शोधतील.